माझ्या खोलीतला कापूस

आमच्या घरातून कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की आधी मला मागच्या अंगणात पाठवतात. कारण मी शिंकते, आणि निघताना कुणी शिंकलं की काम होत नाही, असं आमच्या गावात अजून मानतात. मुलगी परीक्षेला निघाली की मी मोरीजवळ. नवरा बियाणं आणायला निघाला की मी गोठ्याकडे. चुकून एखादी शिंक निसटलीच, तर नवरा चपला काढून परत आत येतो, घोटभर पाणी पितो, थोडा वेळ बसतो आणि मग निघतो. बसल्या बसल्या माझ्याकडे असं बघतो, जणू मी ते मुद्दामच केलं. एकदा सोयरिकीच्या बैठकीला निघालेली भरलेली जीप माझ्या एका शिंकेनं रिकामी झाली होती. सगळे पुरुष टोप्या सांभाळत खाली उतरले आणि मला पुन्हा चहा टाकावा लागला.

म्हणजे माझ्या नाकात ताकद आहे. ती कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

पोळा झाला की माझं सुरू होतं. रस्त्याच्या कडेनं गाजरगवत पांढरं फुलून येतं, बांधावरच्या गवताला तुरे येतात, आणि मला सकाळी डोळे उघडायच्या आधी कळतं की वारा शेताकडून आहे. आधी टाळू खाजतो. मग कानात आत, जिथे बोट पोचत नाही तिथे खाजतं. मग डोळे. मग शिंका, एकीमागून एक, इतक्या की शेवटी कंबर धरून खाली बसावं लागतं. मी घरी ब्लाउज शिवते. या दिवसांत माप घेताना बायका मला हातभर लांब उभं करतात आणि वर विचारतात, इतक्या लांबून माप बरोबर येईल ना? सोयाबीन काढायचं मशीन गल्लीच्या टोकाला लागलं की त्याच्या भुशानं मला दिवे लागेपर्यंत नाकानं श्वास घेता येत नाही.

याला कुणी आजार म्हणत नाही. सर्दी म्हणतात. डोक्यावरून पाणी घेत जाऊ नको, म्हणतात. शेजारीण एकदा हसत म्हणाली, "शिंकून कोनी मरते का वं?"

मी हसले नाही, कारण मी पाहिलं होतं. माझं माहेर मलकापूरचं. वडील तिथे एका जिनिंगमध्ये कापूस वाहायचे. त्यांचंही नाकापासूनच सुरू झालं होतं. मी शाळेत असताना ते शिंकत घरी यायचे, मी लग्नाची झाले तोवर खोकत यायचे, आणि शेवटी त्यांचं येणं-जाणंच थांबलं. आडवं पडलं की श्वास पुरायचा नाही. मग गोधडीची वळकटी मांडीवर घ्यायचे, तिच्यावर कपाळ टेकवायचे आणि तसेच बसून झोपायचे. छातीतून बारीक शिटी वाजायची. आम्ही पोरं त्या शिटीवरून ओळखायचो की बाबांना झोप लागली.

ते गेले त्याच्या आदल्या महिन्यात मी आणि नवरा त्यांना भेटायला गेलो होतो. वडील बसूनच होते. त्यांनी वळकटीवरून डोकं उचललं, जावयाला पाहून टोपी शोधली आणि पुन्हा डोकं टेकवलं. नवरा त्यांच्याजवळ बराच वेळ बसला. परतताना बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत होता. मी पदरात शिंकत होते, तेव्हा त्यानं एकदम माझा हात धरला. चारचौघांत हात धरणारा माणूस नाही तो. म्हणाला, "तुले मी असं बसून झोपू देनार नाई."

त्या वाक्यावर मी किती वर्षं जगले म्हणता!

आणि त्यानं नुसतं म्हटलं नाही, केलं. तोच मला अकोल्याला नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी माझ्या हातावर पेनानं खुणा केल्या, प्रत्येक खुणेवर एक थेंब टाकला आणि सुईनं टोचलं. थोड्या वेळानं काही खुणांवर डास चावल्यासारखे फोड आले. गवताचे पराग, गाजरगवत आणि घरातली धूळ, असं त्यांनी सांगितलं. नाकात मारायचा फवारा दिला. मग वडिलांचं विचारलं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी लिहिणं थांबवलं.

"हे नाकापुरतंच राहील असं धरून चालू नका," त्या म्हणाल्या. "दुर्लक्ष केलं तर छातीत उतरू शकतं. तुमच्या घरात आहे, म्हणून तुम्ही जास्त जपायचं."

त्या दिवसापासून मला नवाच उद्योग लागला. भांडी घासताना मधेच थांबायचं, नळ बंद करायचा आणि आपल्या छातीतून शिटी येते का ते ऐकायचं. फवाऱ्याचीही भीती. मैत्रीण म्हणाली की त्यानं हाडं ठिसूळ होतात, फोनवर वाचलं तर डोळ्यांचंही काहीबाही लिहिलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा समजावून सांगितलं की तो फक्त नाकात राहतो, रोज घ्या. तरी रोज सकाळी ती बाटली हातात घेतली की वाटायचं, हे घेतलं तर हाडं आणि नाही घेतलं तर छाती. मग घ्यायचेच.

त्याच साली घराच्या मागच्या बाजूला नवऱ्यानं माझ्यासाठी खोली बांधली. वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, घट्ट बसणारं दार, खिडकीला बारीक जाळी. उंदीर शिरायला फट नाही, पावसाचा थेंब यायला जागा नाही. आत माझं शिलाई मशीन, एक पलंग, वर पंखा, बाकी काही नाही. पडदा नाही, गादीवर गादी नाही. मी रोज ओल्या फडक्यानं फरशी पुसायचे. नवरा मळणीवरून आला की अंगणातच कपडे काढायचा, अंघोळ करायचा आणि मगच त्या दाराशी यायचा. उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारायचा, "येऊ का?" गावातले लोक त्याला हसायचे, बायकोच्या खोलीत जायला परवानगी लागते म्हणायचे. तोही हसायचा. मला तेव्हा फार अभिमान वाटायचा त्याचा, खोटं कशाला सांगू.

गवताच्या दिवसांतही त्या खोलीत मी रात्रभर आडवी झोपायचे. शिंका थांबल्या नव्हत्या, पण मोजक्या झाल्या होत्या.

गेल्या वर्षी दिवाळीत मी भाऊबिजेला मलकापूरला गेले. तिथे वहिनीचं पोटाचं ऑपरेशन निघालं, म्हणून तिचं घर सांभाळायला राहिले. रोज संध्याकाळी घरी फोन करायचे. नवरा म्हणायचा, "सगळं ठीक हाय, तू निवांत राह्य." मुलगी म्हणायची, "आई, घाई करू नको." मला किती बरं वाटायचं! आपल्यावाचून घर अडत नाही याचंही बाईला कधी कधी सुख वाटतं.

परत आले तेव्हा मुलगी फाट्यावर पिशवी घ्यायला आली होती. एरवी हाक मारून थकावं लागतं, ती आज आपणहून आली होती. घरी पोचले तर ओसरीत माझा पलंग. त्यावर नवी कोरी चादर. बाजूला माझं शिलाई मशीन, त्यावर धुतलेलं फडकं झाकलेलं. आमच्या घरात नवी चादर पाहुणे आल्याशिवाय निघत नाही.

मी सरळ मागे गेले. खोलीचं दार उघडत नव्हतं. आतून काहीतरी मऊ दाबून बसलं होतं. खिडकीकडे गेले. जाळी काढून टाकली होती, आणि खिडकीच्या चौकटीतून पांढरा कापूस बाहेर आला होता. खालपासून पंख्यापर्यंत कापूस. पायानं तुडवून तुडवून भरलेला.

बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. आमच्याकडे नाही वाटत. भाव पडला की लोक कापूस विकत नाहीत, घरात भरतात. पुढच्या खोलीत भरतात, झोपायच्या खोलीत भरतात, पाहुणे आले तर त्याच कापसाला टेकून बसतात. सकाळी पारावर एकच बोलणं, थांबा, भाव येईल. त्या वर्षी अर्ध्या गावानं भरला होता. आमच्या घरात कापूस ठेवायला पुढची खोलीही होती. पण ती पावसात गळते, आणि तिथे उंदीर आहेत. माझी खोली कोरडी होती, बंद होती. माझ्या श्वासासाठी केलेली एकेक सोय कापसाला बरोब्बर लागू पडली.

मी नवऱ्यासमोर उभी राहिले. "माह्या खोलीत कापूस भरला तुमी?"

"थोड्या दिसासाठी हाय. भाव आला का काढतो."

"मले डॉक्टरनं काय सांगतलं होतं?"

त्यानं याचा आधीच विचार करून ठेवला होता, हे त्याच्या तोंडावर दिसलं. "तुले गवताची हाय ना? डॉक्टरनं कापसाचं नावबी नाई घेतलं. मी सोता हजर होतो."

"घरातली धूळ म्हनल्या होत्या त्या."

"मंग? कापूस घरातला थोडी हाय? वावरातला हाय. अन् धूळ कोठी हाय त्याच्यात, पाह्य, कसा पांढराशुभ्र हाय."

मला रडू आलं नाही. संताप आला, आणि त्या संतापात मी मूर्खासारखी विचारत बसले की गवताचे पराग तरी काळे असतात का. तो म्हणाला, "आता काढता येत नाई, तुडवून झाला." मुलगी मधे उभी होती. मी तिला विचारलं, "तू रोज फोनवर बोलत होती. तुले सांगता नाई आलं?"

"बाबानं नको म्हटलं. तुले टेन्शन येईन म्हने."

माझी काळजी घेऊन दोघांनी माझा केसानं गळा कापला होता. आणि जास्तीच्या पैशाची नड काही नव्हती हो. देणं नव्हतं, लग्न नव्हतं, दवाखाना नव्हता. सगळ्यांनी भरला, म्हणून यानंही भरला. उद्या भाव चढला आणि आपण आधीच विकून बसलो तर लोक हसतील, एवढीच भीती. बायकोच्या खोलीच्या दाराशी परवानगी मागताना लोकांच्या हसण्याची ज्याला लाज वाटली नाही, त्याला ही लाज वाटली.

मी ओसरीत राहायला लागले. ओसरीला तीन बाजूंनी भिंत आहे आणि चौथ्या बाजूनं अख्खं गाव. शेजारच्या गोठ्यात गुरांसाठी कुटार भरलं की त्याचा भुसा माझ्या उशीवर. वारा सुटला की मागच्या खिडकीतून कापसाचे तंतू उडत पुढे यायचे, मशीनच्या सुईला गुंडाळायचे, ब्लाउजच्या शिवणीत जायचे. माझ्या शिंकांना आता ऋतू उरला नाही. संक्रांत झाली, गवत केव्हाच वाळलं होतं, तरी मी शिंकत होते.

आणि एका सकाळी अंगण झाडून झाल्यावर मी झाडू टेकवून उभी राहिले तेव्हा ती ऐकू आली. बारीक शिटी. मला आधी वाटलं की शेजारच्यांचा कुकर आहे. मी तोंड मिटलं तर ती बंद झाली, श्वास सोडला तर परत वाजली. मी झाडू तिथेच टाकला आणि पायरीवर बसले. वडिलांची शिटी मी इतक्या वर्षांनीही विसरले नव्हते. ती माझ्याच आतून येत होती.

नवरा मला अकोल्याला घेऊन गेला. नेण्यात त्यानं कधीच कुचराई केली नाही, हे सांगायला हवं. डॉक्टरीणबाईंनी पाठीवर नळी लावून बराच वेळ ऐकलं, एका यंत्रात जोरात फुंकायला लावलं, पुन्हा ऐकलं. मग विचारलं, "मागच्या वेळी इतकं छान होतं. घरात काही बदल झालाय का?"

"नाई म्याडम, काई नाई," नवरा म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. तो टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

"माझ्या खोलीत कापूस भरलाय," मी म्हणाले.

तो हसला. "थोडासा हाय. कोपऱ्यात."

पंख्यापर्यंत भरलेली खोली त्यानं डॉक्टरसमोर एका कोपऱ्यात बसवली. खोली भरली तेव्हा मी नव्हते, म्हणून ते पाठीमागचं होतं. हे तोंडावर होतं. माझी छाती वाजत असताना, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून. त्या क्षणी मला जे वाटलं ते मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही. मी या माणसाबरोबर एकटी आहे, असं काहीसं वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "कोपऱ्यात असो की कुठे, काढा तो. आधी काढा." ओढायचा पंप लिहून दिला. बसमध्ये नवरा म्हणाला, "आठ दिसात काढतो." मी पंप पिशवीत घट्ट धरून बसले होते. वडिलांजवळ अशाच रंगाचा होता.

आठ दिवस झाले, शिवरात्र झाली, होळी झाली. भाव होता तिथेच होता. मी रोज आठवण द्यायचे, मग एक दिवसाआड द्यायला लागले, मग बंद केली. मुलगी एकदा त्याला म्हणाली, "बाबा, काढा ना आता." तो म्हणाला, "पाहू." माझ्या शिंकेनं भरलेली जीप रिकामी झाली होती. माझ्या शिटीनं एक गाठोडं हललं नाही.

मग ऊन तापलं, आणि नवऱ्याला खाज सुटली.

आधी मानेवर. मग दंडावर, मग पोटावर, मग बोटांच्या बेचक्यांत. साठवलेल्या कापसात उन्हाळ्यात बारीक किडे होतात, डोळ्यांना धड दिसतही नाहीत. ज्यांनी ज्यांनी भरला होता ती सगळी घरं खाजवायला लागली. पारावर भाव-भाव करणारे लोक आता एकमेकांच्या पाठी खाजवत बसले होते. नवऱ्यानं कडुलिंबाचा पाला उकळून अंघोळ केली, मलम लावलं, बाज अंगणात काढली. जेवताना उजव्या हातानं घास आणि डाव्या हातानं मान. "जीव जाऊन राह्यला वं माहा," तो म्हणायचा. मी त्याच्या पाठीला मलम लावून द्यायचे. लावताना माझी छाती वाजायची, आणि ती त्याला ऐकू येत असणार, कारण मी त्याच्या अगदी कानाशी होते.

तिसऱ्या दिवशी त्यानं व्यापाऱ्याला फोन केला. भाव होता तोच. कदाचित थोडा उतरलाच असेल.

सकाळी गाडी आली, माणसं आली. खोलीच्या खिडकीशी उभं राहून ते कापूस ओढायला लागले आणि अंगणभर तंतू उडाले. मला कुणी मागे जा म्हटलं नाही, गडबडीत विसरले. गाडी भरली, वर दोर आवळला, नवरा पुढे ड्रायव्हरजवळ चढला, आणि नेमकी माझ्या नाकात शिंक आली. शिंकले असते तर तो खाली उतरला असता. पाणी पिऊन बसला असता, आणि खाजत असूनही म्हणाला असता की आज नको, उद्या पाहू. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला, नाक दोन बोटांनी आवळलं, डोळ्यांतून पाणी आलं, कानात काहीतरी फुटल्यासारखं झालं. गाडी कोपऱ्यावरून वळली तेव्हा मी सोडलं. मग किती शिंकले देवाला ठाऊक. शेवटी भिंत धरून उभी होते, आणि छाती वाजत होती.

म्हणजे कापूस हलू शकत होता. एका सकाळीत हलत होता. एवढंच की तो माझ्यासाठी हलत नव्हता.

खोली मात्र त्यानं मन लावून साफ केली. कोळिष्टकं काढली, चुना दिला, फरशी धुतली, खिडकीला नवी जाळी ठोकली. माझा पलंग आणि मशीन स्वतः उचलून आत नेलं. त्याची खाज दोन दिवसांत गेली. तो पुन्हा उंबऱ्याबाहेर उभा राहून "येऊ का?" विचारायला लागला, जसं मधे काही झालंच नव्हतं.

परवा दुपारी तो दाराशी आला. मी पलंगावर भिंतीला टेकून बसले होते, उशी मांडीवर आणि कपाळ उशीवर. पंप घेतला तरी हल्ली आडवं पडल्यावर कधी कधी श्वास पुरत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात की औषध नेमानं घेतलं तर आवाक्यात राहील, पण आता ते कायमचं. मला डोळा लागला होता. त्याच्या आवाजानं जाग आली.

"खोली तं मोकळी झाली. आता काऊन बसून झोपतं?"

मी डोकं उचललं. भांडायचं नव्हतं मला. मी खरंच हलक्या आवाजात बोलले.

"तुमीच म्हनले होते ना, मले असं बसून झोपू देनार नाई म्हनून."

त्यानं मान खाजवली. खाज गेली तरी हाताची सवय राहिली होती. थोडा वेळ आठवून पाहिलं, अगदी मनापासून, आणि मग विचारलं,

"कवा?"